पान निळं झालं नाही

परभणीत, दुसऱ्या मजल्यावर, एसीच्या खोलीत
मी मिरचीचं बी काचेत उजवते.
दहाव्या दिवशी दोन बीजपत्रं हाताशी येतात,
नखाएवढी, तिखटाचा अजून पत्ता नसलेली.
स्पिरिटच्या दिव्याशेजारी त्यांना कापायचं,
शेंडा टाकायचा,
देठाकडचा तुकडा ठेवायचा.

धर्माबादच्या अडतीवर आई देठं खुडते, किलोवर.
तिच्या लेखी देठ म्हणजे केर.
फोनवर सांगितलं, आमच्याकडं देठाकडूनच झाड येतं.
"कामून गं," गंगामणी म्हणाली, "बी मेलं का समदं?"

बी मेलं नाही.
पण बोकड्या येतो, पानं वाटीसारखी वळतात,
म्हणून त्या रोगाच्याच अक्षरांतला एक तुकडा
आम्ही उलटा लिहिला
आणि एका जिवाणूच्या हाती दिला.
हा एरवी झाडांच्या मानेला गाठी आणतो.
त्याच्यातली गाठ काढून घेतली,
आत शिरायची वाट तेवढी ठेवली.
मग औषध घातलेलं जेवण:
निरोप पोचला तो तुकडा हिरवा,
नाही पोचला तो पांढरा पडत जातो,
कागद पडतो तसा नाही, डोळा पडतो तसा.

तंबाखू ऐकते. टोमॅटोही ऐकतो.
मिरची मात्र कळ्यांचा झुबका काढते आणि बसून राहते,
वर येत नाही.
मुनव्वर सरांनी संप्रेरकं बदलली, साखर बदलली,
चांदीचा क्षार घातला थेंबभर.
मार्चात दोन दिवस लाईट नव्हती,
जनरेटरचं डिझेल कुणी आणायचं यावर फाईल फिरली,
तोवर एकशे चाळीस बाटल्यांत बुरशीचा कापूस.
सटवाजीनं त्या धुतल्या, न बोलता,
फक्त नळ जरा जोरात सोडला.

उरल्यात ती होती, दोनशे बारा नंबरची.
उठली. मुळं सोडली.

बाटलीतल्या झाडाला तहान ठाऊक नसते.
पानांवरची बारकी तोंडं उघडीच राहिलेली,
मिटता येत नाहीत त्यांना.
तशीच बाहेर काढली तर तासाभरात मान टाकते.
म्हणून वर चहाचा प्लास्टिकचा ग्लास उलटा,
त्याला रोज सुईनं एक भोक.
अकरा दिवस, अकरा भोकं.
इथली हवा शिकवायची
म्हणजे आधी तोंड मिटायला शिकवायचं.
ते आम्हाला शाळेच्या आधीच येतं.

बाराव्या दिवशी ग्लास काढला. उभी राहिली.
सहाव्या आठवड्यात कळी धरली, खाली मान घालून, पांढरी.

मग पानाचा तुकडा रंगात बुडवला रात्रभर.
पोचलं असेल तर निळं होतं.
सकाळी स्पिरिटात हिरवं उतरत गेलं,
मी चिमट्यानं उचलून उजेडाकडं धरलं:
पांढरं.
पुन्हा केलं. पांढरंच.

म्हणजे निरोप तिला मिळालाच नव्हता.
औषधाच्या जेवणावर, कुणाची शिफारस नसताना,
ती आपली आपण हिरवी राहिली होती.
सर चष्मा पुसत म्हणाले, "एस्केप. नोंद करा."
रजिस्टरात शेऱ्याचा रकाना बोटभर.
मी मराठीत लिहिलं: निसटली.

नियम नियम असतो. कुंडीसकट पिशवीत,
एकशे एकवीस डिग्री, वीस मिनिटं.
झाकण उघडलं तेव्हा वाफेला
भाजीचा वास होता, नुसत्या पाल्याचा.
मी ठसक्यासाठी पदर नाकाशी धरून उभी होते.
ठसका आला नाही.

रात्री आईनं विचारलं, "तुझं काचेतलं झाड तिखट निघालं का?"
पलीकडं ती खोकत होती, रोजचं.
मी म्हटलं, फूल आलं होतं.
"मग झालं," ती म्हणाली,
आणि खोकला ओसरेपर्यंत
दोघींनी फोन धरून ठेवला.